ताना लिपीतलं 'ण' (यू+०७बी१) यादीत सगळ्यात खाली का जातंय? आणि ते ठेवायचं की 'न' करायचं?

हितदूची_बाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी, मी मूळची रत्नागिरीची, सध्या मालदीवमध्ये अड्डूला हितदू बेटावर शाळेत शिकवते. प्रश्न जरा लांब आहे, समजून घ्या.

आमच्या घरमालकीणबाईंच्या आई आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो (इथे मामा म्हणजे आजी, मला पहिले सहा महिने सवयच होत नव्हती). त्यांच्याकडे एक जुनी वही आहे, त्यात अड्डूच्या बोलीतली गाणी हाताने लिहिलेली आहेत, ताना लिपीत. इंग्रजी स्पेलिंगमुळे आपल्याकडे तिला थाना म्हणतात पण इथे उच्चार ताना असाच आहे. वहीची पानं आता कडेने सुटायला लागलीयत, समुद्राची हवा, कागद टिकत नाही. म्हणून मी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून एकेक गाणं टाइप करायला घेतलं, त्या वाचून दाखवतात आणि मी टाइप करते, लिपी मला आता बऱ्यापैकी येते.

तर या वहीत एक अक्षर येतं जे शाळेच्या पुस्तकात नाहीच. मी विचारलं हे काय, तर मामांनी जीभ वर वळवून स्वच्छ 'ण' म्हणून दाखवला, आपल्या पाणी, लोणी, आणि-मधला ण! माझ्या अंगावर काटा आला खरं सांगते, कारण मालेकडची, म्हणजे राजधानीकडची माणसं बोलतात त्यात मी हा ण कधीच ऐकला नव्हता, तिथे सगळा न.

मोबाइलच्या कीबोर्डवर मला हे अक्षर सापडलं नाही. मग लॅपटॉपवर कॅरेक्टर मॅपमध्ये शोधलं तर ताना लिपीच्या तक्त्यात सगळ्यात शेवटी, स्वरांच्या खुणा संपल्या त्याच्याही नंतर एकटंच बसलेलं सापडलं. नंबर ०७बी१. तिथून कॉपी करून करून मी सदतीस गाणी टाइप केली.

आता अडचणी अशा आहेत की शब्दांची यादी केली आणि सॉर्ट केली तर ण ने सुरू होणारे शब्द पार तळाला गेले. एका वेबसाइटच्या फॉर्ममध्ये गाणं पेस्ट केलं तर ण गायबच झाला आणि त्याच्यावरची स्वराची खूण शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली, म्हणजे एका अक्षरावर दोन दोन खुणा. आणि फाइल सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर सगळ्याची भाजी झाली, दर अक्षराच्या जागी रोमन पी सारखं एक विचित्र अक्षर आणि त्याच्यापुढे काहीतरी चिन्ह, ण च्या जागी तर ते गणितातलं अधिक-उणे (वर अधिक, खाली उणे) येतंय.

शाळेतले एक सहकारी म्हणाले की हे अक्षर अधिकृत नाहीच, सगळीकडे साधा न घाला आणि मोकळ्या व्हा. मला ते पटत नाहीये पण टेक्निकल कारण मला सांगता येत नाही. कुणी युनिकोडवालं आहे का इथे?

---

कोथरूडकर_डेव्ह

ताई, आधी घाबरू नका, तुमचा डेटा गेलेला नाही. ते अधिक-उणे चिन्ह दिसतंय ना, तोच पुरावा आहे की तुमचा ण शाबूत आहे, सांगतो कसं ते.

युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला एक नंबर देणारी यादी. तिच्यात ताना लिपीला ०७८० ते ०७बीएफ अशी जागा दिलेली आहे (हे नंबर सोळाच्या पद्धतीत लिहितात, ९ नंतर ए ते एफ), म्हणजे ६४ खणांची. फाइल यूटीएफ-८ मध्ये (हे नंबर फाइलमध्ये साठवायची पद्धत) सेव्ह होते तेव्हा या सगळ्या ६४ खणांचा पहिला बाइट एकच असतो, डीई. दुसरा बाइट फक्त बदलतो. तुमच्या ण चे बाइट डीई बी१, आणि नूनु म्हणजे साध्या न चे डीई ८२. आता दुसऱ्या कॉम्प्युटरने फाइल उघडताना यूटीएफ-८ न समजता जुनी विंडोजची पश्चिम युरोपची एन्कोडिंग समजली, तिच्यात डीई म्हणजे आइसलँडिक भाषेतलं थॉर्न नावाचं अक्षर (तेच ते पी सारखं), आणि बी१ म्हणजे अधिक-उणे. ८२ म्हणजे खाली बसलेलं स्वल्पविरामासारखं चिन्ह. त्यामुळे त्या भाजीतसुद्धा जिथे थॉर्न आणि अधिक-उणे आहे तिथे ण, जिथे थॉर्न आणि खालचा स्वल्पविराम तिथे न. फाइल डबल क्लिक करून उघडू नका, इम्पोर्ट करा आणि तिथे यूटीएफ-८ निवडा, सगळं सरळ दिसेल. फक्त त्या भाजीवर सेव्ह मारू नका म्हणजे झालं.

आता शेवटी का बसलाय ते. ताना लिपी युनिकोडमध्ये आली १९९९ साली, ३.० आवृत्तीत, तेव्हा ४९ अक्षरं-खुणा होत्या. त्यात हा ण नव्हता. तो आला २००२ मध्ये, ३.२ आवृत्तीत. तोवर बाकीच्यांना नंबर वाटून झाले होते, गाफु (ग) ०७८ई, त्याला लागून ञवियनी (ञ) ०७८एफ, पुढे सीनु (स) ०७९०, मध्ये बोटभर फट नाही. आणि युनिकोडचा कडक नियम आहे की एकदा दिलेला नंबर परत हलवायचा नाही, नाहीतर जगातल्या जुन्या फाइली सगळ्या चुकीच्या वाचल्या जातील. मग ब्लॉकमध्ये जो पहिला रिकामा खण होता तो दिला, शेवटची खूण सुकुन (स्वर नाही हे दाखवणारी) ०७बी० वर होती, त्याच्या पुढचा ०७बी१. म्हणजे शेवटी बसलाय तो फक्त उशिरा आला म्हणून, कमी दर्जाचा आहे म्हणून नाही. नंबर म्हणजे पत्ता, नंबरच्या क्रमाला वर्णमालेचा क्रम समजायचं नाही. वर्णमालेप्रमाणे लावायला वेगळे कोलेशनचे नियम असतात, पण अर्धे प्रोग्राम आळशीपणाने नंबरवरच सॉर्ट करतात आणि मग तुमचा ण तळाला.

फॉर्ममध्ये गायब का झाला ते तर मी न बघता सांगतो. ज्याने तो फॉर्म लिहिला त्याने चेक लावला असणार की ०७८० ते ०७बी० एवढीच अक्षरं चालतील, बाकी पुसून टाका. ०७८० ते ०७ए५ व्यंजनं, ०७ए६ ते ०७बी० स्वरांच्या खुणा आणि सुकुन, बघायला किती नीटनेटकं वाटतं. एक घर पुढे ण उभा आहे हे त्याला माहीतच नाही. व्यंजन पुसलं गेलं, खूण उरली, खुणेला तर बसायला काहीतरी लागतंच, ती आधीच्या अक्षरावर जाऊन बसली.

आणि आपल्या मराठीत अगदी हेच होतं बरं का. ॲप, ॲसिड मधला ॲ. देवनागरीचे स्वर-व्यंजनं ०९०५ ते ०९३९ मध्ये, आणि ॲ बसलाय ०९७२ ला, कारण तो २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आला. 'अ ते ह' असा चेक लावला की ॲ बाहेर. मी स्वतः एका फॉर्ममध्ये 'ॲड.' लिहून वकील मित्राचं नाव भरलं होतं तर नुसतं 'ड.' सेव्ह झालं. त्यात आणखी एक गंमत म्हणजे काही लोक अजून अ वर चंद्र देऊन लिहितात, दिसायला सेम टू सेम पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळं, सर्च करा, सापडत नाही.

---

मोडीवाले_नाना

बाई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. डेव्ह साहेबांनी कोडचं नीट सांगितलंय, मी त्या अक्षराच्या मूळ जागेबद्दल सांगतो कारण तुम्हाला सॉर्टिंगसाठी तेच हवंय.

या अक्षराचं नाव णवियनी. त्याची जुनी जागा सोळावी, गाफु आणि सीनुच्या मध्ये. आता ताना लिपी कशी बनली बघा, जगात दुसरीकडे असं क्वचितच असेल. पहिली नऊ अक्षरं, हा पासून वावु पर्यंत, ही अरबी आकड्यांवरून घेतली, १ ते ९. पुढची नऊ, मीमु पासून डवियनी पर्यंत, ही तिथल्या जुन्या देशी आकड्यांवरून, म्हणजे आपल्या आकड्यांच्या भाऊबंदांवरून. आकडे घेतले आणि त्यांना व्यंजनं केली! आता मोजा, मीमु १, फाफु २, दालु ३, ता ४, लामु ५, गाफु ६, आणि सातव्या जागेवर आपला णवियनी, मग सीनु ८, डवियनी ९. म्हणजे ण काढला तर सात हा आकडाच मोजणीतून निसटतो. तो नंतर कुणी शेपटीला जोडलेला नाही, पायातला दगड आहे.

मग गेला कुठे? १९५० च्या सुमारास सरकारी लिखाणातून तो काढला. तेव्हा कारभार मोहम्मद अमीन दिदी यांच्या हातात होता, पुढे १९५३ मध्ये तेच मालदीवचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मालेच्या बोलीत ण चा न होऊन गेला होता, आणि मग अक्षरही काढलं. सोळावी जागा मग ञवियनीला मिळाली.

आणि बाई, हे तुम्हाला रोज डोळ्यासमोर दिसतंय, लक्षात आलंय का? मालदीवच्या प्रशासकीय प्रवाळद्वीपांना उत्तरेकडून दक्षिणेकडे ताना अक्षरांचीच नावं आहेत, हा, शवियनी, नूनु, रा, बा, ळवियनी, काफु, असं करत करत गाफु, मग फुवामुला म्हणजे ञवियनी, आणि शेवटी तुमचं अड्डू म्हणजे सीनु. गाफु, ञवियनी, सीनु. बरोबर त्याच ठिकाणी पूर्वी णवियनी होता. अख्खा देशाचा नकाशा वर्णमाला म्हणून वाचता येतो आणि जिथे ण असायला हवा होता त्याच्या अगदी शेजारी, सीनुत, तुमच्या मामा बसून तो ण उच्चारतायत. मला तर हे वाचूनच भरून आलं.

अजून एक, मुंबईचा धागा. १८३० च्या दशकात मॉरेस्बी नावाच्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या हाताखाली मालदीवचा समुद्री सर्व्हे झाला, तेव्हा यंग आणि ख्रिस्तोफर नावाचे दोन लेफ्टनंट भाषा आणि लोक समजून घ्यायला मालेला राहिले होते, आणि त्यांचा तिथल्या लोकांवरचा निबंध छापला गेला तो आपल्या मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीच्या अंकात. म्हणजे ही लिपी आपल्याला अगदी परकी नाही.

---

साधंसोपं_बरं

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी पंधरा वर्षं डेटा एंट्रीच्या कामात आहे. जे अक्षर कीबोर्डवर नाही, निम्म्या फॉन्टमध्ये नाही, फॉर्ममध्ये टिकत नाही, ते वापरून तुम्ही टाइप केलेली गाणी उद्या कोण शोधणार? मालेतला मुलगा सर्च करेल तो नूनु टाकूनच करेल ना, त्याला तुमचं गाणं सापडणारच नाही. चौकोनी डबे दिसणाऱ्या गाण्यापेक्षा न घालून वाचता येणारं गाणं बरं असं माझं प्रामाणिक मत आहे. सरकारनेच काढलंय म्हटल्यावर आपण कशाला अडून बसायचं.

---

कोथरूडकर_डेव्ह

@साधंसोपं_बरं सर्चचा मुद्दा तुमचा शंभर टक्के खरा आहे, तो सोडवायलाच लागेल. पण त्यासाठी मूळ मजकूर बदलायचा नसतो. ण चा न करणं एका क्लिकचं काम आहे, कधीही करता येतं, न चा ण करायला मात्र परत मामांनाच विचारावं लागेल. कुठला न मुळात ण होता हे कॉम्प्युटरला कळायचा काही मार्ग नाही, ती माहिती पुसली की गेली.

दोन कॉलम ठेवा ताई. पहिल्यात वहीत जसं आहे तसं, ०७बी१ सकट. दुसऱ्यात फॉर्म्युलाने ०७बी१ च्या जागी ०७८२ घातलेलं, हा फक्त सर्चसाठी. मालेच्या मुलाने नूनु टाकलं तरी गाणं सापडेल आणि उघडल्यावर ण दिसेल. आपण नाही का, शुद्धलेखन न बघता सर्च चालावा म्हणून ह्रस्व-दीर्घ एक करून ठेवतो, तसंच.

सॉर्टसाठी तिसरा कॉलम. प्रत्येक अक्षराला दोन आकडी नंबर द्या, हा ०१, शवियनी ०२, असं करत गाफु १५. मग णवियनी आणि ञवियनी दोघंही सोळावर दावा सांगणार, तिथे नानांचं ऐकून णवियनी १६, ञवियनी १७ करा आणि सीनुपासून पुढे एकेक वाढवा. स्वरांच्या खुणांना त्याच्यापुढचे नंबर. त्या कॉलमवर सॉर्ट मारा.

डब्यांचं म्हणाल तर नोटो सान्स ताना हा फुकट फॉन्ट लावून बघा. स्वरखुणा व्यंजनावर नीट बसतायत का हे एकदा डोळ्याने तपासा, कारण फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर सॉफ्टवेअर दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतं आणि मग एकच अक्षर जाड किंवा वेगळ्या वळणाचं दिसतं.

---

मोडीवाले_नाना

@साधंसोपं_बरं राग कसला, पण 'सरकारने काढलं म्हणून' यावर मला बोलायलाच हवं.

मोडीचं काय झालं? सरकारी कामातून गेली, शाळेतून गेली. तरी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्वतःची जागा मिळाली, कारण लाखो कागद मोडीत आहेत आणि ते कागद कुणाच्या आदेशाने देवनागरी होत नाहीत. मालदीवचंच घ्या, तानाच्या आधीची दिवेस अकुरु लिपी, ब्राह्मीच्या कुळातली, डावीकडून उजवीकडे जाणारी, तिला २०२० मध्ये १३.० आवृत्तीत जागा मिळाली. युनिकोड लिहिलेल्या कागदाकडे बघतं, अधिकृत आहे की नाही याच्याकडे नाही.

आणि सरकारी निर्णय कसे फिरतात तेही बघा. १९७० च्या दशकात टेलेक्स मशीन (तारेवरून टाइप केलेले निरोप पाठवणारी) आली, त्यावर फक्त रोमन अक्षरं, तर १९७६ च्या सुमारास मालदीवने सरकारी कामात अख्खी ताना लिपीच बाजूला ठेवली आणि रोमनमध्ये लिहायला लागले. १९७८ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इब्राहिम नासिर पदावरून गेले, मौमून अब्दुल गयूम राष्ट्राध्यक्ष झाले आणि ताना परत आणली. टेलेक्स आज कुठे आहे? एका मशीनच्या सोयीसाठी लिपी गेली असती. तुमचा फॉर्म ०७बी० वर थांबतो म्हणून ण टाकून देणं मला त्याच जातीचं वाटतं.

शेजारच्या सिंहलीतही बोलताना ण आणि न एकच झालेत. पण लिहिताना दोन्ही अक्षरं त्यांनी आजपर्यंत सांभाळली. दिवेही, म्हणजे मालदीवची भाषा, तिची सख्खी बहीण, तिने अक्षर सोडलं. आपण मराठी माणसं 'पाणी' ला 'पानी' म्हटलं की कान टवकारतो, आपल्याला तरी या अक्षराची किंमत सांगायला नको.

---

हितदूची_बाई (प्रश्नकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण करून बघत होते.

सीएसव्ही इम्पोर्ट करून यूटीएफ-८ निवडलं, एक अक्षर न हलता सगळं परत आलं. मुद्दाम मोजलं, सदतीस गाण्यांत ०७बी१ एकूण ४१२ वेळा आहे आणि इम्पोर्टनंतरही ४१२. नोटो फॉन्टमध्ये स्वच्छ दिसतोय. नंबरांचा कॉलम करायला एक शनिवार गेला पण आता ण चे शब्द गाफुच्या खाली आणि ञवियनीच्या वर येतात.

साधंसोपं दादा, तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, सर्चचा कॉलम तुमच्यामुळेच केला. मालेच्या एका मैत्रिणीला नूनु घालून शोधायला सांगितलं, तिला पहिल्याच फटक्यात गाणं सापडलं, आणि मग तिने फोन करून विचारलं की मध्ये मध्ये हे अक्षर कुठलं? तिला मी कॅरेक्टर मॅप उघडायला सांगितला आणि शेवटचा खण दाखवला.

त्या फॉर्मवाल्यांना मेल केली आहे, ०७बी० च्या जागी ०७बी१ करा एवढंच, अजून उत्तर नाही. परत पाठवेन.

नाना, काल वर्गात फळ्यावर गाफु, ञवियनी, सीनु लिहिलं आणि मुलांना विचारलं यांच्यात अजून एक अक्षर होतं, कुणाला माहितीये का? मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला, उठून आला आणि खडूने णवियनी काढून दाखवला. म्हणाला आमच्या मामा गाण्याच्या वहीत लिहितात. म्हणजे अजून एक वही आहे. शुक्रवारी सुट्टीला त्यांच्या घरी जाणार आहे.

---

साधंसोपं_बरं

बाई, दुसऱ्या वहीची गाणी टाइप करायला मदत लागली तर मला सांगा. लिपी येत नाही पण ताडून बघायचं काम मी करू शकतो, फोटो आणि टाइप केलेलं शेजारी शेजारी ठेवून अक्षर न अक्षर मोजायची सवय आहे मला. ०७बी१ कसा दिसतो तो कालच मोठा करून बघून ठेवलाय.